महागाचा बूट की मापाचा बूट?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी केलेले भाषण. अनेकांनी ते छापील स्वरूपात मागितल्यामुळे या अंकात देत आहोत.)



मेळाव्यात बोलायला उभे राहिले की मुलांच्या निकालाबद्दल, आजारपणाबद्दल, नव्या खोल्यांच्या बांधकामाबद्दल सांगावे, अशी अपेक्षा असते. आज मी बुटांबद्दल बोलणार आहे. कारण वर्षभरात तुमची जी पत्रे आली, जे फोन आले, त्यांत सर्वांत जास्त प्रश्न याच खर्चावर होते. काही जण विचारतात, "दरवर्षी बूट कशाला लागतात? एकदाच चांगले भारी घेऊन टाका, दोन वर्षे बघायला नको." काही जण नेमके उलटे सांगतात, "पोरं ती, फाडणारच. स्वस्तातले घ्या आणि उरलेल्या पैशांच्या वह्या घ्या." दोन्ही सल्ले कळकळीचे आहेत, आणि पैसे तुमचे आहेत. म्हणून हिशेब द्यायलाच हवा.

इस्राएल लोक चाळीस वर्षे रानातून चालले तरी त्यांच्या पायांतले जोडे झिजले नाहीत, असे आपण अनुवादाच्या पुस्तकात वाचतो. आमच्या मुलांचे जोडे दिवाळीपर्यंत टिकले तरी आम्ही देवाचे आभार मानतो. आमचे वसतिगृह जव्हार-मोखाड्याच्या बाजूला आहे. शाळेची वाट मुरमाची, मधे ओढा, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात निखाऱ्यासारखे दगड. मुंबई-पुण्यात स्कूलबसने शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बुटाचा अनुभव इथे लागू पडत नाही.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. किमतीला महत्त्व आहे, पण एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेपुढे बूट टिकतो तो मापाने, ऋतूने आणि देखभालीने.

बूट तीन तऱ्हांनी संपतो

मुलाचा बूट तीन तऱ्हांनी निकामी होतो. एक, तो फाटतो किंवा झिजतो. दोन, तो भिजून कुजतो, त्याचा डिंक सुटतो. तीन, बूट धडधाकट असतो पण पाय वाढतो. महागडा बूट यांतल्या पहिल्या तऱ्हेपासून बऱ्यापैकी वाचवतो, दुसरीपासून थोडाफार वाचवतो आणि तिसरीपासून अजिबात वाचवत नाही. पाय वाढायचा थांबवील असा बूट कोणत्याही दुकानात मिळत नाही.

म्हणून आम्ही आधी हे बघतो की कोणत्या मुलाचा बूट कोणत्या तऱ्हेने संपतो. पहिली ते चौथीच्या मुलांचे बूट बहुतेक वेळा फाटण्याआधी लहान पडतात. मुलाचे वजन कमी, पाऊल हलके, आणि पाय मात्र झपाट्याने वाढतो. आठवी ते दहावीच्या मुलांचे उलटे असते. वजन वाढलेले, खेळ वाढलेला, रविवारी पाड्यावर जायचे-यायचे चालणे वेगळे, आणि पायाची वाढ मंदावलेली. मुलींचा पाय साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत आणि मुलांचा चौदा-पंधरा वर्षांपर्यंत जवळजवळ पूर्ण वाढतो. या वयात बूट लहान पडण्याआधी फाटतो.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकायला थोडी विचित्र वाटेल. सगळ्या मुलांना एकाच किमतीचे बूट घेणे दिसायला न्यायाचे असते, पण शहाणपणाचे नसते. जादा पैसे घालायचेच असतील तर ते मोठ्या मुलांच्या बुटांत घालावेत. लहानांना मध्यम किमतीचा, पण मापाचा बूट द्यावा.

जादा पैशांत नेमके काय मिळते?

शासनाने २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या आणि इतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले होते. दुकानात गेलात तर शाळेचे काळे बूट अडीचशे-तीनशेपासून हजाराच्या वरपर्यंत मिळतात. रंग तोच, आकार तोच. मग फरक कशाचा?

फरक तीन ठिकाणी असतो. पहिला तळात. स्वस्त बुटाचा तळ पीव्हीसीचा असतो. तो बरा टिकतो, पण जड असतो, आणि घडीच्या जागी कडक होऊन चिरतो. काही बुटांचा तळ ईव्हीएचा, म्हणजे फोमसारखा हलका असतो. मुलांना तो फार आवडतो, पण खडबडीत मुरमावर लवकर झिजतो. रबराचा तळ जड आणि महाग, पण झिजेला सर्वांत चिवट. दुसरा फरक वरच्या भागात. स्वस्त बूट रेक्झिनचे असतात. चवड्याजवळ जिथे बूट रोज हजारदा वाकतो तिथे त्याचा वरचा थर सोलतो आणि मग आतले कापड दिसू लागते. चांगले कातडे वाकते, त्याला सुरकुती पडते, पण ते लवकर फाटत नाही. तिसरा फरक सांध्यात, म्हणजे तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे यात. नुसता चिकटवलेला तळ पावसात पुढून तोंड उघडतो. मुले त्याला "बूट हसायला लागला" म्हणतात. कडेने शिवलेला तळ असा सहसा हसत नाही.

या तीन गोष्टींसाठी जास्त पैसे देणे योग्य आहे. त्यापुढचे पैसे नावासाठी, चकाकीसाठी, आतल्या मऊ गादीसाठी आणि जाहिरातीसाठी जातात.

तुम्ही स्वतः बूट घ्यायला गेलात तर किमतीची चिठ्ठी बघण्याआधी चार गोष्टी करून बघा. बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. तळाच्या कडेला नखाने खरवडून बघा. फट दिसली किंवा डिंकाचे थेंब ओघळलेले दिसले तर ठेवून द्या. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा. तो लगेच आत गेला तर महिन्याभरात मूल तो चप्पल करून टाकेल. आणि आत हात घालून शिवण चाचपा. टोचणारी शिवण म्हणजे पायाला फोड.

बंद कोणता, यालाही महत्त्व आहे. वेल्क्रो लहानांना सोपा जातो, पण त्यात चिखल, गवत आणि लोकर अडकली की त्याची पकड जाते, आणि मग तो दुरुस्त करणे अवघड. नाडी तुटली तर दहा रुपयांत नवी येते. म्हणून तिसरीपासून पुढे आम्ही नाडीचे बूट घेतो आणि नाडी बांधायला शिकवतो. मुलींच्या पट्ट्याच्या बुटात बक्कल सर्वांत आधी जाते. ते मोची बसवून देतो.

हिशेब महिन्यावर करा

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा तीनशेचा बूट चार महिने गेला. महिन्याला पंचाहत्तर रुपये पडले. सहाशेचा बूट दहा महिने गेला, तर महिन्याला साठ. बाराशेचा बूट अजून वर्षभर गेला असता, पण दहा महिन्यांत पाय वाढला. महिन्याला एकशे वीस रुपये पडले. म्हणजे सर्वांत स्वस्त बूट सर्वांत स्वस्त पडला नाही, आणि सर्वांत महागही फायद्याचा ठरला नाही.

पण इथे घर आणि वसतिगृह यांत एक फरक आहे. तुमच्या घरी एकच मूल असेल तर लहान पडलेला चांगला बूट कपाटात जातो. आमच्याकडे तो पुढच्या मुलाला जातो. म्हणून लहान वर्गांसाठीही आम्ही अगदी स्वस्त बूट घेत नाही. मात्र वापरलेला बूट पुढे देताना तळ बघतो. पहिल्या मुलाच्या चालीप्रमाणे तळ एका बाजूला झिजलेला असेल तर तो दुसऱ्याच्या पायात घालणे बरे नव्हे. त्याचीही चाल तिरकी होते. सपाट तळाचा बूट धुऊन, उन्हात वाळवून, नवी नाडी घालून मगच पुढे जातो.

मापाचा प्रश्न

आपल्याकडे बुटाच्या नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी, म्हणजे सेंटीमीटरभर जागा ठेवली की एका नंबराची सोय झाली. शाळकरी मुलाचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, लहानांचा त्याहून थोडा जास्त. म्हणजे नीट मापाने घेतलेला बूट मोठ्यांना वर्षभर पुरतो आणि पहिली-दुसरीतल्यांना सात-आठ महिने. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून सुरू होतात, हेही लक्षात ठेवा. "एक नंबरचा बूट" एवढाच निरोप पाठवला तर दुकानदार तान्ह्या बाळाचा बूट बांधून देईल.

पुष्कळ आईबाप दोन-तीन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबतात. हेतू काटकसरीचा असतो, पण त्याने बूट लवकर फाटतो. बूट जिथे वाकायला बनवलेला आहे आणि पाय जिथे वाकतो, त्या दोन जागा जुळत नाहीत. मग बूट भलत्याच ठिकाणी मोडतो, टाच वरखाली घासते, फोड येतात आणि मूल बूट हातात घेऊन अनवाणी चालते.

रुंदीचीही अडचण आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसले, आणि त्यावरून आपल्या देशासाठी "भा" नावाची वेगळी मापपद्धती सुचवली गेली. आमच्या मुलांकडे बघून हे सहज पटते. लहानपणापासून अनवाणी वाढलेला पाय चवड्याला चांगला पसरट आणि बळकट असतो. तो पायाचा दोष नाही, देणगी आहे. पण निमुळत्या बुटात तो मावत नाही, करंगळीकडची बाजू दोन महिन्यांत उसवते, आणि आपण म्हणतो, पोरं बूट नीट वापरत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की मूल स्वतःहून सांगत नाही. बूट घट्ट झाला असे म्हटले तर आपल्याकडून काढून घेतील, दुसरा मिळणार नाही, अशी त्याला भीती असते. ते बोटे आत मुडपून चालते. कोणी पायमोजा घालायचे सोडते, कोणी मागची टाच चेपून टाकते. कोणी पोटात दुखते म्हणून शाळेला जात नाही. म्हणून आम्ही विचारत बसत नाही, मोजतो. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी, वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाला संध्याकाळी कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिलीने रेघ ओढतो. संध्याकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो. दोन्ही, कारण एक पाऊल बहुधा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते, आणि माप मोठ्याचे घ्यायचे. तो कागद घेऊन आमचे कार्यकर्ते दुकानात जातात.

जूनमधला बूट

आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून सगळे जण बूट जूनमध्येच देतात. दान करणाऱ्याला वाटते, मुलाने नव्या बुटात पहिल्या दिवशी शाळेत जावे. भावना फार सुंदर आहे. पण जव्हारच्या पावसाचा विचार करा. नवा बूट आठवड्याभरात भिजतो आणि सप्टेंबरपर्यंत पुरता वाळत नाही. ओल्या बुटात पाय कुजतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आणि बाहेर पाऊस, आत ओला बूट, म्हणजे मूल तो चुलीजवळ नेऊन ठेवते. चुलीच्या धगीने डिंक वितळतो, रेक्झिन आखडते, तळ सुटतो. म्हणजे बूट पावसाने मरतो आणि उरलासुरला चुलीने.

म्हणून दोन वर्षांपासून आम्ही जूनमध्ये प्लॅस्टिकचे, मागे पट्टा असलेले सँडल देतो आणि बूट दसऱ्याच्या सुमारास. शाळेतल्या गुरुजींनी पावसाळ्यापुरती सवलत दिली, त्यांचे आभार. सँडल ओढ्यातून जातात, धुतले की अर्ध्या तासात वाळतात. मग ऑक्टोबरमध्ये माप घेऊन दिलेला बूट कोरडे आठ महिने अनुभवतो. आम्ही एका पैशाचाही महाग बूट घेतला नाही, फक्त महिना बदलला. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त फरक याने पडला. दसऱ्याचा आणखी एक फायदा आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलांनाही सोबत नेण्याचा विचार करतात. त्याच दिवसांत मुलाच्या पायात नवा बूट आला की निदान त्या मुलाला शाळेत परत यायचा ओढा वाटतो.

शनिवारचा अर्धा तास

दर शनिवारी दुपारी आमच्या अंगणात बुटांची रांग लागते. मुले ओला चिखल लगेच खरवडत नाहीत, वाळू देतात, मग ब्रशने झाडतात. भिजलेल्या बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालतात आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवतात. कातडी बुटाला पॉलिश लावल्याने कातडे मऊ राहते. रेक्झिनला ते केवळ रंग देते, म्हणून तिथे ओले फडके पुरते. सकाळी बूट घालताना तो उलटा करून आपटायचा, हा नियम सर्वांना पाठ आहे. आमच्याकडे विंचू आहेत.

आणि मोची. नवा चिकटवलेला बूट घेतला की आम्ही तो वापरायला देण्याआधीच बाजारातल्या मोचीदादांकडे नेतो. ते कडेने दोऱ्याचा टाका घालून देतात. जोडीमागे साठ-सत्तर रुपये लागतात. पण त्या टाक्याने मध्यम किमतीचा बूट भारी बुटाच्या पंगतीला जाऊन बसतो. फाटल्यावर शिवण्यापेक्षा फाटण्याआधी शिवलेले बरे.

तुमच्याकडे एक मागणे

पुष्कळ जण घरातले जुने बूट धुऊन-पुसून आम्हाला पाठवतात. त्यांचे मन मोठे आहे. पण एक गोष्ट प्रेमाने सांगते. अनेक चांगल्या बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे असतात. असा बूट न वापरता माळ्यावर तीन-चार वर्षे पडून राहिला की आपल्या दमट हवेत तो आतल्या आत विरतो. दिसायला नवा असतो, आणि मूल तो घालून ओढ्यापर्यंत गेले की तळाचा भुगा होतो. तेव्हा बूट पाठवायचा तर मुलाच्या पायातून निघाल्यावर लगेच पाठवा. माळ्यावर ठेवून, आठवण आली की पाठवू नका.

अनवाणी चालणे ही आमच्या पाड्यांवर लाजेची गोष्ट नाही, आणि आम्हाला मुलांच्या मनात ती लाज घालायची नाही. पण ओल्या मातीतून अंकुशकृमी नावाचा जंत तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि रक्त कमी करतो. काटा, काच, तापलेला दगड हे वेगळेच. आमच्या मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी. म्हणून पायात काहीतरी असणे ही चैन नव्हे.

तेव्हा यंदा बूट-निधीसाठी देताना कृपा करून "सर्वांना एकाच कंपनीचे" किंवा "सर्वांना सर्वांत भारी" अशी अट घालू नका. त्याऐवजी एका मुलाचा वर्षाचा पायाचा खर्च उचला: जूनचे सँडल, दसऱ्याचा बूट, दोन जोडी पायमोजे, एक जादा नाडी आणि मोचीदादांची मजुरी. बाराशेच्या एका जोडीपेक्षा हे सगळे मिळून स्वस्त पडते, आणि वर्षाच्या प्रत्येक दिवशी मुलाच्या पायात मापाचे काहीतरी असते. तुमच्या मंडळीत कोणी शिवणकाम, चामड्याचे काम जाणणारा भाऊ असेल तर त्याने ऑक्टोबरमध्ये दोन दिवस आमच्याकडे यावे. मोठ्या मुलांना टाका घालायला शिकायचे आहे.

बुटांचे माप घेतलेले कागद मी सोबत आणले आहेत. बाहेर टेबलावर ठेवले आहेत. नावे लिहिलेली नाहीत, फक्त इयत्ता आणि पावलाची रेघ. जाताना एक-एक कागद घ्या, आणि त्या पावलासाठी प्रार्थना करा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.